बिलं जपा, टक्का मागा

‘शूटिंग इथे करा की!’ मुंबईहून मस्कतला आलेल्या प्रत्येक कलाकाराला इथला मराठी माणूस हे एकदा तरी म्हणतोच. गणेशोत्सवाला पाहुणे येतात, नाटकांचे दौरे येतात. आपण त्यांना मुत्राहच्या बाजारातून फिरवतो, निझवाचा किल्ला दाखवतो, सवड असेल तर वाहिबाच्या वाळूत एक रात्र काढायला नेतो. पाहुणे खूश होतात, जागा अप्रतिम आहेत म्हणतात आणि पुढचा चित्रपट लंडनला करतात.

पाहुण्यांची यात काही चूक नाही. मुंबईहून मस्कत तीन तासांवर, लंडन नऊ-दहा तासांवर. इथलं ऊन भरवशाचं, तिथला पाऊस भरवशाचा. लंडनमध्ये राहणं महाग, खाणं महाग, व्हिसा कटकटीचा. तरी निर्माता लंडनच धरतो. तिथे खर्च केलेल्या पैशातला ठरलेला वाटा सरकार परत देतं, आणि तो किती, कशावर आणि कोणत्या अटींवर हे आधीच छापलेलं असतं. हे समजून न घेता आपण नुसती आमंत्रणं देत राहिलो तर पुढची पन्नास वर्षंही पाहुणे फोटो काढूनच परत जातील.

‘झिम्मा’ २०२१ चा, ‘सनी’ २०२२ चा, ‘व्हिक्टोरिया’ आणि ‘झिम्मा २’ २०२३ चे. ब्रिटनमध्ये चित्रित झालेल्या आणि करोनानंतरच्या दोन-तीन वर्षांत प्रदर्शित झालेल्या मराठी चित्रपटांची ही यादी पूर्ण नाही, पण एवढी नावंही पुरेशी बोलकी आहेत. ब्रिटनची चित्रपटांसाठीची करसवलत २००७ पासून चालू आहे. तिची रीत अशी. ब्रिटनमध्ये नोंदवलेली कंपनी काढायची. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या सांस्कृतिक कसोटीत ३५ पैकी १८ गुण मिळवायचे. गोष्ट कुठे घडते, पात्रं कुठली, चित्रीकरण कुठे, तंत्रज्ञ कुठले, अशा प्रश्नांना हे गुण असतात. कुठल्या उत्तराला किती गुण हा तक्ता सगळ्यांना उघड असतो, म्हणून पटकथा हातात असतानाच निर्माता आपली बेरीज करू शकतो. मुख्य निर्मितीखर्चापैकी किमान १० टक्के खर्च ब्रिटनमध्ये व्हावा लागतो. मग कंपनीच्या करविवरणपत्रात दावा लावायचा. कर देणं असेल तर त्यातून वळता होतो, नसेल तर रक्कम हातात येते.

आता आकडे घालून बघू. समजा मराठी निर्मात्याचा मुख्य खर्च २ कोटी रुपयांचा आहे आणि त्यातले दीड कोटी ब्रिटनमध्ये खर्च झाले. परतावा किती खर्चावर मोजायचा ते असं ठरतं: एकूण मुख्य खर्चाचे ८० टक्के म्हणजे १ कोटी ६० लाख, आणि ब्रिटनमधला खर्च दीड कोटी. यातला कमी आकडा धरायचा, म्हणजे दीड कोटी. जुन्या २५ टक्के दरानं परत मिळतात साडेसदतीस लाख. १ जानेवारी २०२४ पासून नवी पद्धत आली. तिच्यात ३४ टक्क्यांचं श्रेय मिळतं, पण त्या श्रेयावर कर लागतो आणि हाती साडेपंचवीस टक्के राहतात. म्हणजे सव्वाअडतीस लाख.

हे सव्वाअडतीस लाख लक्षात ठेवा. महाराष्ट्र शासनाच्या दर्जेदार मराठी चित्रपट निर्मिती अर्थसाहाय्य योजनेतले ओळखीचे आकडे आहेत ‘अ’ दर्जाला ४० लाख आणि ‘ब’ दर्जाला ३० लाख. म्हणजे आपल्याच मुलखातल्या, आपल्याच भाषेच्या सरकारकडून मराठी निर्मात्याला सर्वोत्तम ठरल्यावर जेवढं मिळतं, जवळजवळ तेवढंच ब्रिटनकडून मिळतं, आणि तिथे तो सर्वोत्तम ठरण्याची गरज नसते. बिलं खरी असावी लागतात आणि तक्त्यातले गुण भरावे लागतात. लहान चित्रपटांना तर ब्रिटननं आणखी मोठं दार उघडलं आहे. दीड कोटी पौंडांपर्यंतच्या चित्रपटाला ५३ टक्क्यांचं श्रेय आहे, कर वजा जाता जवळजवळ ४० टक्के. त्याला लेखक किंवा दिग्दर्शक ब्रिटिश असावा लागतो, नाहीतर चित्रपट दोन देशांच्या करारातली अधिकृत सहनिर्मिती असावी लागते. भारत आणि ब्रिटन यांच्यात असा करार आहे. किती मराठी निर्मात्यांनी तो वाचला आहे?

महाराष्ट्राच्या योजनेवर मी अनेकांना वैतागलेलं ऐकलं आहे आणि त्यांच्याशी सहमत आहे. पैसे कमी आहेत अशी माझी तक्रार नाही. तक्रार पद्धतीची आहे. चित्रपट पूर्ण करायचा, कर्ज काढून, घर गहाण टाकून, मित्रांकडून उसने घेऊन. मग समितीनं तो बघायचा, गुण द्यायचे, दर्जा ठरवायचा. दर्जा कुठला मिळेल हे आधी कुणी सांगू शकत नाही, म्हणून बँक त्यावर कर्ज देत नाही आणि निर्माताही तो हिशेबात धरू शकत नाही. मुलाला आधी परीक्षेला बसवायचं आणि चांगले गुण पडले तर पुस्तकं घेऊन द्यायची, असा हा प्रकार आहे. कलाकृतीचं कौतुक करायला राज्य चित्रपट पुरस्कार आहेत, त्यासाठी आणखी एक परीक्षा नको. निर्मितीला आधार द्यायचा असेल तर तो निर्माता मोजू शकेल असा हवा.

आणि असा आधार एके काळी आपल्याकडे होता! १९७५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं मराठी चित्रपटांसाठी करपरतावा योजना आणली. तिकिटांवरचा करमणूक कर आपल्याकडे १९२३ च्या मुंबई करमणूक शुल्क कायद्यापासूनचा. मराठी चित्रपटाच्या तिकिटांवर जमा झालेला हा कर त्या निर्मात्यानं पुढचा मराठी चित्रपट काढला की त्याला परत मिळायचा. कल्पना किती सरळ होती बघा. पैसा प्रेक्षकांचा. किती परत द्यायचा हे तिकीटखिडकीनं ठरवलं. आणि तो मिळण्याची अट एकच, काम चालू ठेवा. सत्तरीच्या दशकाच्या सुरुवातीला मरगळलेल्या मराठी चित्रपटव्यवसायात या योजनेनं जीव आला, निर्मितीची संख्या वाढली, कोल्हापूर-पुण्यातल्या कितीतरी माणसांना पुन्हा काम मिळालं.

तिच्यावर टीकाही झाली आणि ती खोटी नव्हती. परतावा सोडवण्यापुरता कसाबसा चित्रपट उरकायचा, तो चालो न चालो, असे प्रकार झाले. त्यावरचा इलाज म्हणून दर्जाची मोजणी आली, समित्या आल्या. पण रोग होता खोट्या खर्चाचा आणि उरकलेल्या कामाचा. त्याला औषध दिलं अभिरुचीच्या परीक्षेचं. खर्च खरा आहे का हे बघायला लेखापरीक्षक लागतो. त्या कामाला समीक्षक कशाला?

२०१७ च्या जुलैत वस्तू आणि सेवा कर आला आणि करमणूक कर त्यात विरघळला. तेव्हापासून चित्रपट ‘करमुक्त’ करणं म्हणजे राज्यानं आपल्या वाट्याचा जीएसटी सोडणं. शंभर रुपयांवरच्या तिकिटावर १८ टक्के कर, त्यातला निम्मा राज्याचा. जानेवारी २०२० मध्ये ‘तान्हाजी’ला महाराष्ट्रानं तो सोडला. तान्हाजींचं कुणाला वावडं नाही. पण एखाद्या चित्रपटाची निवड करून मंत्रिमंडळानं त्याला सवलत जाहीर करायची, तीही तो प्रदर्शित होऊन गर्दी खेचू लागल्यावर, ही पद्धत मला मान्य नाही. ज्याला गरज कमी त्याला सवलत आणि जो दुसऱ्या आठवड्यात पडद्यावरून उतरला त्याला काही नाही. राज्याच्या वाट्याचा जीएसटी प्रत्येक मराठी चित्रपटाच्या नावे बाजूला ठेवा आणि पुढचा चित्रपट सुरू करताना त्या निर्मात्याला द्या. १९७५ ची कल्पना आजच्या करात बसवायला नवं डोकं लावावं लागत नाही.

केंद्राचं वागणं याहून बोचरं आहे. मे २०२२ मध्ये कान महोत्सवात भारत सरकारनं जाहीर केलं की परदेशी निर्मात्यांनी भारतात चित्रीकरण केलं तर खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत परतावा, कमाल २ कोटी रुपये. नोव्हेंबर २०२३ मध्ये गोव्याच्या इफ्फीत हा आकडा ४० टक्क्यांवर आणि मर्यादा ३० कोटींवर गेली. म्हणजे खर्चावर ठरलेला टक्का ही पद्धत आपल्या सरकारला समजते, पटते, राबवताही येते. फक्त ती लॉस एंजलिसच्या निर्मात्यासाठी आहे. कोल्हापूरच्या निर्मात्यासाठी परीक्षा आहे.

आता या विषयातल्या माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येतो. त्याची चर्चा जवळजवळ कुणीच करत नाही.

ब्रिटनच्या नियमांत एक छोटं कलम आहे. हिशेबाचा काळ संपल्यावर चार महिन्यांत ज्या खर्चाचे पैसे प्रत्यक्ष दिले गेले नाहीत, तो खर्च त्या दाव्यात धरत नाहीत. करार दाखवून भागत नाही, बिल दाखवूनही भागत नाही. पैसे समोरच्याच्या हातात पडलेले असावे लागतात. प्रकाशयोजनेच्या माणसाचे पैसे थकवले तर त्या पैशावरचा परतावाही गेला. सगळ्यांचे चुकते करणं हेच निर्मात्याच्या फायद्याचं होतं, त्याच्या सद्भावनेवर कुणाला विसंबून राहावं लागत नाही.

हे कलम मराठी चित्रपट आणि मालिकांच्या जगात आणून ठेवा. मालिकांमध्ये मानधन ९० दिवसांनी मिळण्याची प्रथा आहे, आणि ते ९० दिवस उलटल्यावरही पैसे न मिळाल्याच्या कहाण्या कलाकारांनी जाहीरपणे सांगितल्या आहेत. कलाकाराला निदान सांगायला माध्यमं आहेत. स्पॉटबॉय, लाइटमन, मेकअपमन, ड्रेसमन, जनरेटरवाला, जेवण पुरवणारा यांची थकबाकी कोण छापतं? चित्रपट पडला की निर्मात्याचा फोन बंद होतो आणि शेवटी तोटा यांच्याच गळ्यात पडतो. राज्याकडून येणारा पैसा जर चुकत्या केलेल्या बिलांवर बेतला, तर हा सगळा व्यवहार एका झटक्यात सुधारेल असा दावा मी करत नाही. पण पैसे थकवणं निर्मात्याला महाग पडेल. आज ते फुकट पडतं.

मस्कतच्या वाचकांना हे वेगळं समजावून सांगायला नको. इथे पगार बँकेतून जातो आणि वेतन संरक्षण प्रणालीमुळे तो गेला की नाही हे कामगार मंत्रालयाला दिसतं. या व्यवस्थेत पळवाटा नाहीत असं नाही, गाला आणि वादी कबीरमधल्या कामगारांना विचारा. पण पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे, हे तत्त्व तिथे आहे. चित्रपटाच्या परताव्यातही तेच तत्त्व हवं.

परतावा म्हणजे लूट, असंही म्हणणारे आहेत आणि त्यांच्याकडे पुरावे आहेत. अमेरिकेत लुईझियाना राज्यानं २००२ मध्ये मोठी करसवलत आणली. पुढे त्याच राज्याच्या चित्रपट कार्यालयाच्या माजी प्रमुखानं लाच घेऊन फुगवलेले खर्च मंजूर केल्याची कबुली २००७ मध्ये न्यायालयात दिली. मिशिगननं २००८ मध्ये ४२ टक्क्यांपर्यंत सवलत दिली आणि २०१५ मध्ये ती बंद केली, कारण तिजोरीतून गेलेल्या पैशाच्या मानानं राज्यात टिकाऊ रोजगार उभा राहिला नाही असं सरकारचं मत झालं. याउलट जॉर्जिया राज्य २० टक्के देतं आणि चित्रपटाच्या शेवटी राज्याचं पीच फळाचं बोधचिन्ह दाखवलं की आणखी १० टक्के. तिथे वर्षानुवर्षं स्टुडिओ उभे राहिले, अटलांटात सुतारापासून संकलकापर्यंत सगळे मिळू लागले. तरी तिथेही राज्याला फायदा किती यावर वाद आहे. यातून मी घेतलेला धडा साधा आहे: टक्का बेताचा ठेवा, मर्यादा घाला, लेखापरीक्षक निर्मात्याच्या पसंतीचा नको, आणि पैसा स्थानिक माणसांच्या मजुरीवर जास्त, पंचतारांकित हॉटेलांवर कमी मोजा.

आता ओमान.

या भागात टक्क्यांची चढाओढ जोरात आहे. अबुधाबीनं २०१२ मध्ये ३० टक्क्यांचा परतावा सुरू केला आणि २०२५ च्या सुरुवातीपासून तो ३५ टक्के आणि त्याहून वर नेला. ‘बँग बँग’, ‘बेबी’, ‘टायगर जिंदा है’, ‘रेस ३’ हे सगळे तिथे गेले, ते काही फक्त तिथल्या लिवा वाळवंटातल्या वाळूसाठी नव्हे. सौदी अरेबिया ४० टक्क्यांपर्यंत देतं. जॉर्डननंही आपला दर वाढवत नेला. बेन्यामिन यांच्या कादंबरीवरचा मल्याळी ‘आडुजीवितम’ आखातात अडकलेल्या केरळी कामगाराची गोष्ट सांगतो. ती गोष्ट घडते सौदीत, तिचं वाळवंट उभं राहिलं जॉर्डनच्या वादी रममध्ये आणि अल्जीरियात. वाळू सगळीकडे आहे, सोयी आणि सवलती सगळीकडे नाहीत.

ओमाननं हिंदी चित्रपटाचं मोठं युनिट पाहिलं ते २०१२ मध्ये. अक्षय कुमार आणि सोनाक्षी सिन्हा यांच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई दोबारा’चं चित्रीकरण इथे झालं, पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला तो प्रदर्शित झाला. तेव्हा रुवीपासून अल खुवैरपर्यंत सगळ्यांना वाटलं होतं की आता रांग लागणार. रांग लागली ती अबुधाबीत.

ओमानमध्ये ‘करसवलत’ म्हटलं की पहिला प्रश्न येतो, इथे कर आहे कुठे? कंपन्यांवर १५ टक्के आहे, व्हॅट ५ टक्के एप्रिल २०२१ पासून आहे. व्यक्तिगत प्राप्तिकर आजवर नव्हता. तो २०२५ च्या शाही फर्मानानं आला आणि १ जानेवारी २०२८ पासून ४२ हजार रियालवरच्या वार्षिक उत्पन्नावर ५ टक्के लागेल. म्हणजे करातून वळती करण्याची सवलत इथे चित्रपटनिर्मात्याच्या उपयोगाची नाही. एका चित्रपटासाठी काढलेल्या कंपनीला नफाच नसतो, मग कर कसला आणि वळता कशातून करणार? म्हणून अशा देशांत रोख परतावाच लागतो. खर्च करा, तपासून घ्या, टक्क्यानं पैसे घ्या. अबुधाबीनं तेच केलं. निर्मात्याला पर्यटनाच्या पुस्तिकेनं खुणावून उपयोग नाही. त्याला टक्का, किमान खर्चाची अट, पात्र खर्चाची यादी आणि पैसे मिळण्याची मुदत एका पानावर लेखी द्यावी लागते.

मराठी निर्मात्यासाठी ओमानमध्ये जे आहे ते दुसरीकडे नाही, हेही सांगायला हवं. गेल्या सात-आठ वर्षांत ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’ असे शिवकालावरचे चित्रपट एकामागून एक आले. सगळे डोंगरातले, गडांवरचे. मराठ्यांचा समुद्र पडद्यावर जवळजवळ आलेलाच नाही. कान्होजी आंग्र्यांवर भव्य चित्रपट करायचा तर लाकडी जहाजं हवीत, पोर्तुगीज तटबंदी हवी, इमारती नसलेला किनारा हवा. हे तिन्ही इथे आहे. सूरमध्ये धाऊ बांधण्याची परंपरा जिवंत आहे. मस्कतच्या बंदरावर जलाली आणि मीरानी हे पोर्तुगीजांनी बांधलेले किल्ले समोरासमोर उभे आहेत. ओमानींनी १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हाकललं, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली. शत्रू एक, समुद्र एक. मराठी आणि ओमानी निर्मात्यांनी मिळून सांगावी अशी ही गोष्ट आहे. दोन्ही देशांत चित्रपटांच्या सहनिर्मितीचा करार व्हावा अशी मागणी करायला याहून चांगलं कारण मला सुचत नाही. आणि पावसाळी गाणं हवं असेल तर जून ते सप्टेंबर सलालाचे डोंगर हिरवे असतात, आखातात दुसरीकडे कुठेही तसे नसतात.

आखातातल्या मराठी माणसाची गोष्टही अजून कुणी नीट सांगितलेली नाही. मल्याळी सिनेमानं ‘गल्फ’ची घरं, पत्रं, कर्जं, परत न आलेले बाप हे सगळं सांगून झालं. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या किती घरांत मस्कतचा पैसा आला, किती पोरं बापाला दोन वर्षांतून एकदा बघत मोठी झाली! तो चित्रपट दारसैतच्या गल्लीत आणि चिपळूणच्या माजघरात चित्रित व्हायला हवा. त्याला मोठं बजेट लागत नाही. दोन्ही बाजूंच्या सरकारांचा थोडा, पण खात्रीचा आधार लागतो.

तोवर जे आपल्या हातात आहे ते करू या. परदेशात चित्रीकरणाचा विचार करणाऱ्या मराठी निर्मात्यांनी तिकिटं काढण्याआधी लेखापाल नेमावा. सवलतीचा दावा नंतर करायचा असतो, पण तो टिकतो पहिल्या दिवसापासूनच्या कागदांवर. प्रत्येक बिल दावा करणाऱ्या कंपनीच्याच नावावर हवं, कार्यकारी निर्मात्याच्या भावाच्या नावावर नको. रोखीनं दिलेल्या पैशाला पावती हवी, मजुरीला बँकेचा पुरावा हवा. कुणी कुठे किती दिवस काम केलं याची नोंद रोज व्हायला हवी. व्हॅट बिलावर वेगळा दाखवून घ्यावा, तो परताव्याच्या खर्चात सहसा धरत नाहीत. आणि परतावा येतो तो खर्च झाल्यावर, तपासणीनंतर, कितीतरी महिन्यांनी. तो आला असं समजून आधीच खर्चून टाकलेला पैसा निर्मात्याला बुडवतो. मधल्या काळाचं व्याज धरूनच गणित करा. ते धरूनही फायदा उरत असेल तरच जा, नाहीतर भोरला चित्रीकरण करा, भोर सुंदर आहे.

मस्कतमध्ये मराठी सीए आणि लेखापाल घरटी एक म्हणावे इतके आहेत. पाहुणा कलाकार आला की आपण त्याला शाल-श्रीफळ देतो. पुढच्या वेळी एखाद्या निर्मात्याबरोबर दोन तास बसून त्याचं अंदाजपत्रक वाचून द्या. शालीपेक्षा त्याला त्याची गरज आहे.

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक कार्य विभागाला माझी मागणी एवढीच आहे. पुढच्या शासन निर्णयात एक कलम घाला. ज्या मराठी निर्मात्यानं कलाकार, तंत्रज्ञ आणि कामगारांचे सगळे पैसे बँकेतून चुकते केल्याचा स्वतंत्र लेखापरीक्षकाचा दाखला दिला, त्याला तपासलेल्या खर्चाच्या ठरलेल्या टक्क्यानं रक्कम द्या. दर्जा विचारू नका. रक्कम अर्ज आल्यापासून ९० दिवसांत द्या. आणि कुठला अर्ज कोणत्या तारखेला आला, पैसे कोणत्या तारखेला गेले, ही यादी दर महिन्याला सगळ्यांना वाचता येईल अशी जाहीर करा.